न्यूझीलंडला डोंगर भटकायला जायचंय: काय ठेवावं, काय गाळावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीच्या शेवटी न्यूझीलंडला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि पंधरा वर्षांची लेक. रजा जेमतेम तीन आठवड्यांची. सह्याद्रीत तिघंही नेमाने भटकतो, पाठीवर सॅक घेऊन सलग दोन-तीन दिवस चालायची सवय आहे. त्यामुळे बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या न्यूझीलंडमध्ये फारसा रस नाही.

कच्चा आराखडा असा: ऑकलंड, रोटोरुआ, टोंगारिरो क्रॉसिंग, वेलिंग्टन, फेरीने पिक्टन, एबल टास्मन, फ्रान्झ जोसेफ हिमनदी, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड ट्रॅक, माउंट कुक, क्राइस्टचर्च.

मिलफर्ड ट्रॅकचं बुकिंग बघायला गेले तर एकही जागा शिल्लक नाही. आता काय करावं? कॅम्परव्हॅन घ्यावी की साधी गाडी? खाऊ किती न्यावा? नवऱ्याला बंजी करायचीय, मला त्यात पडायचं नाही (अक्षरशः). जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सढळ हाताने लिहा.

खडूस_काका
तीन आठवड्यांत एवढं? गाडीच्या काचेतून छान दिसेल सगळं.

दक्षिणवारा
काका तिखट बोलले, पण खोटं नाही बोलले. मी क्राइस्टचर्चला राहतो. इकडे येणारे पाहुणे आधी ठिकाणांची यादी करतात, मग ती दिवसांत बसवतात आणि तिसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला की अख्खा आराखडा कोसळतो. इथे आधी हवामान, मग नद्या, मग आपण. मोकळे दिवस ठेवले नाहीत तर पैसे देऊन धुकं बघून परत जाल.

कारण समजून घ्या म्हणजे आराखडा करणं सोपं जाईल. दक्षिण बेटाच्या पश्चिमेला सदर्न आल्प्सची उभी भिंत आहे. टास्मन समुद्रावरून येणारे ओले पश्चिमी वारे त्या भिंतीला धडकतात आणि सगळं पाणी तिथेच ओततात. मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस पडतो. भिंत ओलांडून पूर्वेला आलात की थोड्याच अंतरावर सुकं पिवळं गवत. म्हणजे वायव्येचा वारा सुटून पश्चिमेला धो धो चालू असेल तेव्हा पूर्वेकडे बऱ्याचदा ऊन असतं. आम्ही इथले लोक शनिवार-रविवारचे बेत याच हिशोबाने बदलतो: पश्चिमेचा अंदाज वाईट दिसला की पूर्वेची वाट धरायची. तुम्हालाही हेच करता आलं पाहिजे, आणि ते जमायचं तर प्रत्येक रात्रीचं हॉटेल आधीच बांधून ठेवून चालणार नाही.

माझं मत: उत्तर बेटावर टोंगारिरो तेवढं ठेवा, कारण तसं दुसरं काही दक्षिणेला नाही. रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरी, एबल टास्मन या वेळी सोडा. विमानाने क्वीन्सटाउन गाठा आणि उरलेला सगळा वेळ दक्षिणेत घालवा.

फ्रान्झ जोसेफबद्दल एक. जुन्या प्रवासवर्णनांत लोक हिमनदीच्या तोंडाशी चालत गेलेले दिसतात. ते दिवस गेले. बर्फ खूप मागे हटलाय, दरीतल्या वाटेने आता फक्त लांबून दर्शन होतं. प्रत्यक्ष बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टर, आणि ढग खाली उतरले की ते रद्द. शेजारच्या फॉक्स हिमनदीचा दरीतला रस्ता तर २०१९ च्या पुरानंतर बंदच झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात फ्रान्झ जोसेफजवळच्या वायहो नदीवरचा पूलही वाहून गेला होता. इथल्या नद्यांची कल्पना यावी म्हणून सांगतोय.

पायपीट
मिलफर्ड ट्रॅक मिळाला नाही म्हणून खट्टू होऊ नका. ५३.५ किलोमीटरची ती वाट हंगामात एकाच दिशेने, तीन मुक्काम करूनच चालावी लागते आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्या फक्त चाळीस जणांना रोज सोडतात. त्यामुळे बुकिंग उघडलं की बघता बघता संपतं. तरी संकेतस्थळावर अधूनमधून डोकावत राहा, कोणी रद्द केलं की ती जागा परत दिसायला लागते. तिघांची सलग तीन रात्रींची सोय होणं मात्र नशिबाचा भाग.

त्यापेक्षा रूटबर्न बघा. ३३ किलोमीटर, दोन मुक्कामात आरामात होते आणि माझ्या मते देखाव्याच्या बाबतीत मिलफर्डपेक्षा काकणभर सरसच. मिलफर्डचे पहिले दोन दिवस बहुतेक दरीच्या तळातून जातात. रूटबर्नला हॅरिस सॅडल या खिंडीच्या आसपास तुम्ही तासन् तास कड्याच्या अंगाने उघड्यावर चालता आणि समोर डॅरन पर्वतरांग. अडचण एकच: दोन टोकं रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या वर लांब आहेत. गाडी एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाला उतरलात तर पंचाईत. बसची सोय असते, किंवा गाडी दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवणारे लोक असतात. दोन्ही आधी ठरवावं लागतं.

रूटबर्नही भरलेलं असेल तर मिलफर्ड रस्त्यावरच्या 'डिव्हाइड' या जागेहून 'की समिट' नावाच्या माथ्यावर जा. तीन तासांत जाऊन येऊन होतं आणि रूटबर्नच्या शेवटच्या टप्प्याची चव मिळते.

मनमौजी
इन्स्टावर गर्ट्रूड सॅडलचे फोटो बघितले, मिलफर्ड रस्त्यावरच आहे. एका दिवसात होतं म्हणे. ते का नाही?

दक्षिणवारा
@मनमौजी, कारण तिथे माणसं मेली आहेत. फोटोत दिसतं ते निळं तळं आणि दरी. दिसत नाहीत त्या वरच्या गुळगुळीत कातळाच्या उतरत्या फरशा. कोरड्या असताना सराईताला ठीक. ओल्या झाल्या की पाय कुठेच ठरत नाही आणि घसरलं की मधे अडवायला काही नाही. डॉक, म्हणजे इथलं संवर्धन खातं, ही वाट फक्त अनुभवी लोकांसाठी म्हणून सांगतं. डॉकच्या पाट्यांवर वाटेचा दर्जा लिहिलेला असतो तो वाचायची सवय लावा. 'ग्रेट वॉक' म्हणजे बांधलेली रुंद पायवाट, नद्यांवर पूल. 'ट्रॅम्पिंग ट्रॅक' म्हणजे चिखल, मुळं, काही ठिकाणी पूल नाहीत. 'रूट' म्हणजे वाट तुमची तुम्ही शोधा.

अजून एक, जंगलात खुणेसाठी झाडांवर केशरी त्रिकोण ठोकलेले असतात, त्यांच्यामागे जायचं. गुलाबी किंवा निळे दिसले तर ते उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी) पकडायच्या सापळ्यांच्या रांगांचे. त्यांच्यामागे गेलात तर उतारावरच्या झाडीत एका लाकडी पेटीपाशी पोहोचाल, पुढे वाट नाही.

तिरपी_वाट
खाऊ आणि विमानतळावरच्या तपासणीबद्दल मी लिहिते, कारण यात लोक हमखास अडकतात.

विमानात बसण्याआधी ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या नकली साइट्स आहेत, सरकारीच शोधा. त्यात खाण्याचे पदार्थ, वनस्पती, प्राणिजन्य वस्तू आणि वापरलेलं भटकंतीचं सामान यांविषयी विचारतात. नियम साधा आहे: शंका आली की 'हो' लिहायचं. घोषित केलेली वस्तू नको असेल तर ते फार तर काढून घेतात. घोषित न केलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. विमानात दिलेलं सफरचंद सॅकमध्ये राहिलं तरीसुद्धा.

कढीपत्ता, ताजी फळं, विड्याची पानं, मध: नेऊच नका. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थही घरीच ठेवा, रांगेत उभं राहून कचऱ्यात टाकताना जीव तुटतो. सीलबंद कोरडे मसाले साधारणपणे चालतात, पण घोषित करायचेच. सगळा खाऊ एकाच पारदर्शक पिशवीत, सामानात अगदी वर ठेवा.

आता बूट. आमच्या पुढच्या माणसाचे बूट वरून चकचकीत होते. अधिकारी बाईंनी ते उलटे केले, तळव्याच्या खाचेतून एक काडी फिरवली आणि वाळलेल्या मातीची खपली टेबलावर पडली. बूट आत नेले, धुऊन ओले करून पिशवीत आणून दिले. त्याने घोषित केले होते म्हणून तेवढ्यावर भागलं. निघण्याआधी जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, तंबूचे खुंटे, काठ्यांची टोकं, गेटर्सचा आतला भाग, सॅकचा तळ, सगळं. गवताचं बी मोज्यांत अडकलेलं असतं, तेही बघा.

हा जाच वाटतो, पण या देशाला बाहेरच्या जीवांनी फार रडवलंय. २००४ मध्ये दक्षिणेतल्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि नंतर बेटभर पसरलं. ते एका थेंबातूनसुद्धा जातं. म्हणून एका नदीत भिजलेले बूट दुसऱ्या नदीत घालण्याआधी धुवून पूर्ण वाळवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

स्टोव्ह नेणार असाल तर पूर्ण स्वच्छ हवा, इंधनाचा वास आला तर विमान कंपनी अडवू शकते. गॅसचे डबे तिथेच घ्यायचे, विमानात चालत नाहीत.

रानजाई
तिरपी_वाट, खूप उपयोगी. डिंकाचे लाडू बेतात होते, त्यांचं आता घरीच विसर्जन. दक्षिणवारा, टोंगारिरो ठेवते, लेकीला ज्वालामुखी बघायचाच आहे. ते कसं करावं? आणि गाडीचं?

पायपीट
टोंगारिरो क्रॉसिंग साधारण वीस किलोमीटर, सहा ते आठ तास. एका टोकाला चढायचं, दुसऱ्या टोकाला उतरायचं. मांगाटेपोपोच्या, म्हणजे सुरुवातीच्या, वाहनतळावर हंगामात चार तासांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही, म्हणून शटल बस घ्यावीच लागते. गाडी शेवटच्या टोकाजवळ लावायची आणि सकाळच्या शटलने सुरुवातीला जायचं, म्हणजे संध्याकाळी बस चुकायची धास्ती राहत नाही.

सर्वांत उंच जागा रेड क्रेटरची धार, १८८६ मीटर. तिथून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे उतरताना सगळी वाट भुसभुशीत राखेची आहे. टाच रोवून, गुडघे सैल ठेवून उतरा. पायाखाली जमीन गरम लागते, भेगांतून वाफ येत असते. इथला ज्वालामुखी जागा आहे, पोस्टरवरचा नाही: २०१२ च्या ऑगस्टमध्ये 'ते मारी' नावाचं विवर फुटलं तेव्हा उडालेले दगड केटेताही हटच्या (हट म्हणजे डोंगरातला निवारा) छतातून आत पडले. रात्रीची वेळ होती आणि हटमध्ये कोणी नव्हतं. जिओनेट या भूकंप-ज्वालामुखींवर नजर ठेवणाऱ्या संकेतस्थळावर इशाऱ्याची पातळी आदल्या दिवशी बघायची.

ही शिखरं स्थानिक माओरी लोकांना पवित्र आहेत. १८८७ मध्ये त्यांच्या प्रमुखाने, 'ते हेउहेउ तुकिनो चौथा' यांनी, ही शिखरं राष्ट्राच्या हवाली केली आणि त्यातून इथलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, शिखरांच्या माथ्यावर जाऊ नका अशी त्यांची विनंती आहे. बरेच पाहुणे तरी पाय बुडवून फोटो काढतात. आपण नको.

वारा जोरात असला की शटलवालेच बस सोडत नाहीत. म्हणून तिथे दोन दिवस हाताशी ठेवा, एक चालायला आणि एक फुकट घालवायला.

तिरपी_वाट
+१. आणि भर उन्हाळ्यातसुद्धा टोपी, हातमोजे, वारा अडवणारं जॅकेट न्या. सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून निघालेले लोक डेव्हिल्स स्टेअरकेस नावाच्या चढाच्या वर कुडकुडत बसलेले दिसतात. सुती कपडा एकदा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो; मेरिनो किंवा पॉलिस्टरचा थर हवा.

उन्हाचंही तेच. हवा गार म्हणून कळत नाही, पण तिथले अतिनील किरण फार कडक. हवा स्वच्छ, ओझोन कमी, आणि दक्षिणेतल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जास्त जवळ असते. आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही या भ्रमात राहू नका, नाकाचं टोक आणि कानाच्या पाळ्या सोलून निघतात.

खडूस_काका
गाडीबद्दल मी लिहितो, बाकी तरुणांनी लिहिलंच आहे.

रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूचे, त्यामुळे निम्मं टेन्शन कमी. परवान्यावर सगळा मजकूर इंग्रजीत असेल तर तोच चालतो, नाहीतर आंतरराष्ट्रीय परवाना किंवा मान्य भाषांतर लागतं. गावाबाहेर मर्यादा १००, पण ती वेग गाठायची अट नव्हे. वळणं इतकी की मोबाइलवरचा नकाशा दोन तास म्हणाला तर तीन धरा. मागे गाड्यांची रांग लागली तर जागा बघून बाजूला घ्या आणि सोडा त्यांना. देखावा बघायचा तर गाडी थांबवून बघा, स्टिअरिंगवर बसून नव्हे.

एका गाडीपुरते पूल जागोजागी आहेत. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबा, समोरच्याचा हक्क पहिला. मोठा पांढरा असेल तर तुमचा. तरी समोरून कोणी पुलावर शिरलाय का बघा, तोही तुमच्यासारखाच पाहुणा असू शकतो.

लांब विमानप्रवास करून उतरल्या दिवशी गाडी चालवू नका. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं, दुपारीच डोळे मिटायला लागतात.

माउंट कुकच्या परिसरात गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. वारा दार हिसकावून बोनेटच्या दिशेने मुडपतो आणि विमा कंपनीला हे बऱ्याचदा मान्य नसतं. भाड्याच्या करारातलं बारीक अक्षर वाचा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनसारख्या रस्त्यांवर भाड्याची गाडी न्यायला कंपन्या मनाई करतात.

कॅम्परव्हॅन मला पटत नाही. महाग, हळू, आणि वाटेल तिथे उभी करून झोपता येतं ही जुनी गोष्ट झाली.

मनमौजी
काका, असहमत. कॅम्परव्हॅनमुळेच तर हवामानाप्रमाणे बेत बदलता येतो, दक्षिणवारा म्हणतात तसा. हॉटेल रद्द करायची कटकट नाही. डॉकच्या कॅम्पसाइट साध्या पण अप्रतिम जागी असतात. बाहेर फुकट राहायचं तर गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचं प्रमाणपत्र लागतं, २०२३ च्या कायद्यापासून आत पक्का बसवलेला संडास हवा. आणि तरीही जिथे मनाई आहे तिथे नाहीच. दंड ४०० डॉलरपासून सुरू.

तिघं जण आणि त्यात पंधरा वर्षांची मुलगी, रोज ओले बूट त्या डब्यात... हे मात्र विचारात घ्या.

दक्षिणवारा
दोघांचंही बरोबर आहे. मी मधला मार्ग सुचवतो: साधी गाडी, मुक्काम हॉलिडे पार्कमधल्या केबिनमध्ये. स्वयंपाकघर मिळतं, कपडे वाळवायची सोय असते, आणि फेब्रुवारीच्या शेवटी शाळा सुरू असल्याने क्वीन्सटाउन वगळता बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस आधी जागा मिळून जाते.

आता नद्या. यासाठीच खरं तर मी लिहायला बसलोय. आपल्या लोकांना पावसाची भीती वाटत नाही, भर श्रावणात डोंगर चढलेले असतात. इथला पाऊस मात्र आठ-दहा अंश तापमानात पडतो आणि ओढे बघता बघता चढतात. हास्ट खिंडीजवळच्या ब्रूस्टर हटची वाट घ्या. सुरुवातच हास्ट नदी पायी ओलांडून होते, पूल नाही. सकाळी घोट्याएवढं पाणी म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो तेव्हा मांडीच्या वर असतं आणि रस्त्यावर उभी केलेली आपली गाडी पलीकडे दिसत असते. अशा वेळी करायचं काय? थांबायचं. इथल्या नद्या चढतात तशा उतरतातही लवकर. पाण्याच्या काठाला एक ठळक दगड ठेवायचा आणि अर्ध्या तासाने बघायचं, दगड कोरडा राहिला की बुडाला. पाणी गढूळ असेल, फांद्या वाहत असतील, तळातले दगड गडगडताना ऐकू येत असतील तर विचारसुद्धा करायचा नाही. काडी टाकून बघा, आपल्या चालण्यापेक्षा ती भराभर गेली तर पाणी आपल्यासाठी नाही.

ओलांडायचंच असेल तर तिघांनी एकमेकांच्या पाठीमागून हात घालून शेजारच्याच्या सॅकचा पट्टा धरायचा, सगळ्यांत दणकट माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला, छातीवरचा पट्टा सोडलेला, बूट पायातच. लेकीला मध्ये घ्या.

ग्रेट वॉकवर पूल असतात म्हणून निर्धास्त राहू नका. २०२० च्या फेब्रुवारीत फिओर्डलंडमध्ये, म्हणजे मिलफर्डच्या सगळ्या परिसरात, असा पाऊस झाला की रूटबर्नवरच्या लेक हाउडन हटवर रात्री दरड आली, आत लोक झोपलेले असताना. सगळे वाचले, पण ती हट कायमची गेली. शेकडो पर्यटक मिलफर्डला अडकले.

पायपीट
हटबद्दल पुरवणी. गादी मिळते, अंथरूण-पांघरूण नाही. स्लीपिंग बॅग आपली. रूटबर्न आणि केपलर (टे आनाऊ गावाजवळची दुसरी ग्रेट वॉक) यांवर हंगामात गॅसच्या शेगड्या असतात पण भांडी नसतात. एबल टास्मनच्या हटमध्ये शेगडीसुद्धा नाही. कचरा सगळा परत आणायचा, चहाच्या पिशवीसकट. घोरणाऱ्यांसाठी कानात घालायचे बोळे न्या, हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. हटमधल्या वहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहायचा, त्या हटमध्ये थांबणार नसलात तरी. शोध घ्यायची वेळ आली तर त्यावरून सुरुवात होते.

डोंगरात मोबाइलला रेंज नसते. टे आनाऊ सोडलं की मिलफर्डच्या रस्त्यावरही जवळपास नाही. म्हणून पीएलबी, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा देणारं छोटं यंत्र, भाड्याने घ्या. ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतं.

मनमौजी
ग्रेट वॉकवर पीएलबी? दर तासाला वीस माणसं भेटतात, रेंजर असतो. उगाच खर्च वाटतो. शिवाय नव्या फोनमध्ये उपग्रहाची सोय आलीये की.

दक्षिणवारा
रूटबर्नपुरतं म्हणाल तर अडून बसणार नाही. पण हे तिघं कोपलंड, म्यूलरसारख्या अवघड वाटांवर गेले तर माझं उत्तर ठाम 'घ्या' असेल. फोनची बॅटरी थंडीत बसते, पडून काच फुटते. पीएलबीची एक कळ असते आणि ती दाबली की शोधकार्य सुरू होतं. तुम्ही कुठे जाताय आणि कधीपर्यंत परत येणार हे एका भरवशाच्या माणसाला लिहून देणं हेही तितकंच महत्त्वाचं. इथे सरकार तुमची नोंद ठेवत नाही. कोणी विचारलं नाही तर कोणी शोधणार नाही. आणीबाणीचा क्रमांक १११.

विम्याचंही सांगतो. इथे एसीसी नावाची योजना आहे, अपघातात इजा झाली तर पाहुण्यांच्याही उपचारांचा बराचसा खर्च उचलते. त्यामुळे विमा कशाला, असं काही जण म्हणतात. एसीसीत आजारपण येत नाही, परतीचं चुकलेलं विमान येत नाही, मायदेशी नेण्याचा खर्च येत नाही. विमा घ्याच, आणि त्यात बंजी, डोंगरात मुक्कामी चालणं, हिमनदीवरचं चालणं वगळलेलं नाही ना, ते बघा.

तिरपी_वाट
सँडफ्लायबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही!

मोहरीएवढी काळी माशी. पश्चिम किनारा आणि फिओर्डलंड हे तिचं माहेर. चालत असताना त्रास नाही, थांबलात की हजर. चावलेलं तेव्हा जाणवत नाही, रात्री मात्र खाजवून झोप उडते. माओरी कथा अशी की फिओर्डलंड घडवून झाल्यावर ते इतकं सुंदर दिसलं की माणसं तिथून हलणारच नाहीत अशी भीती वाटून मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो हिने ही माशी सोडली. मिलफर्ड ट्रॅक संपतो त्या धक्क्याचं नावच सँडफ्लाय पॉइंट. तिथे बोटीची वाट बघणारे लोक सतत पाय हलवत उभे असतात.

चांगली बातमी: अंधार पडला की झोपते, वाऱ्यात उडता येत नाही, रोगराई पसरवत नाही. गडद रंगावर जास्त बसते म्हणून फिक्या रंगाची फुल पँट. घोटा आणि मोज्याची कड यांच्यामधल्या बोटभर फटीत औषध चोळायला विसरू नका. नेमकी तीच जागा शोधते.

आणि किया! डोंगरी पोपट. होमर बोगद्यापाशी सिग्नलला गाडी थांबली की टपावर उतरतो, दाराच्या काचेभोवतालचं रबर चोचीत धरून एखाद्या कसबी कारागिरासारखा सलग सोलत नेतो. खायला काही घालू नका, हटबाहेर बूट ठेवू नका.

मनमौजी
बंजी: क्वीन्सटाउनजवळचा कावाराऊ पूल, ४३ मीटर, १९८८ पासून तिथे व्यावसायिक उड्या सुरू आहेत. नवऱ्याला जास्त मस्ती असेल तर नेविस, १३४ मीटर. नेविसला बघ्यांनाही बसने वर नेतात, त्याचे पैसे पडतात. कावाराऊला बघणं फुकट. वजन हातावर मार्करने लिहितात, लाजू नका.

रानजाई
वाचून वाचून डोळे दमले पण आता चित्र स्पष्ट दिसतंय. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यातून नवा आराखडा:

ऑकलंडहून टोंगारिरो, तिथे एक दिवस जास्तीचा. विमानाने क्वीन्सटाउन. रूटबर्नच्या दोन रात्री (काल रात्री तीन जागा दिसल्या, घेऊन टाकल्या!). मग टे आनाऊला मुक्काम, मिलफर्ड साउंडची बोट. वानाका, तिथे रॉब रॉयची वाट. पुढचे तीन दिवस मुद्दाम मोकळे: हवा चांगली असेल तर पश्चिमेला कोपलंडच्या वाटेवर वेलकम फ्लॅट हट, नसेल तर सरळ माउंट कुक. शेवट क्राइस्टचर्च. साधी गाडी, केबिन. चालेल?

दक्षिणवारा
आता झाला हा आराखडा. दोन-तीन दुरुस्त्या फक्त.

कोपलंडची वाट वेलकम फ्लॅटपर्यंत १८ किलोमीटर, एका बाजूला सात तास. हटचं बुकिंग लागतं, त्यामुळे 'हवा असेल तर' हे शेवटच्या क्षणी जमेलच असं नाही. बरेच ओढे पायी ओलांडायचे आहेत, पावसात ती वाट करायची नाही. हटशेजारी गरम पाण्याची कुंडं आहेत, दिवसभर चालल्यावर स्वर्ग. फक्त डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. गरम झऱ्यांच्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण जीवघेणा.

रॉब रॉयच्या वाहनतळापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि मध्ये वाहते ओढे गाडीने ओलांडावे लागतात. पावसानंतर साध्या गाडीने नको, वानाकाहून शटल मिळते. टे आनाऊला टाकी पूर्ण भरूनच मिलफर्डला निघा, ११८ किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं.

माउंट कुकला तिघांचे पाय शाबूत असतील तर म्यूलर हट. सीली टार्न्स या तळ्यांपर्यंत दोन हजारांवर पायऱ्या, त्यानंतर दगडांचा खच. मुक्काम करायचा तर त्याचंही उन्हाळ्यात आधी बुकिंग लागतं. नाहीतर सकाळी लवकर निघून सीली टार्न्सवरून परत.

खडूस_काका
आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री क्राइस्टचर्चमध्येच झोपा. माउंट कुकहून पहाटे निघून विमान गाठायचा पराक्रम नको.

रानजाई
काका, तसंच करते. शेवटचा प्रश्न: टे आनाऊला एक दिवस रिकामा उरतोय. लेकीला काहीतरी वेगळं हवंय.

पायपीट
केपलरवरची लक्समोर हट. टे आनाऊहून वॉटर टॅक्सीने ब्रॉड बेला उतरायचं, तिथून ८.२ किलोमीटर चढ. निम्मी वाट बीच वृक्षांच्या रानातून, मग एकदम झाडं संपून मोकळं पठार. हटपासून दहा मिनिटांवर लक्समोरच्या चुनखडीच्या गुहा आहेत, आपापलं आत शिरता येतं. माणशी दोन टॉर्च हवेत, एक बंद पडला तर दुसरा. आतल्या लवणस्तंभांना हात लावायचा नाही. परतीच्या बोटीची वेळ जातानाच पक्की करा. ती चुकली तर तळ्याकाठाने गावापर्यंत बरंच चालावं लागतं.